तुमचा वार कोणता?

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारे शहाळं घेऊन येतात, कुणाच्या तरी मावसभावाची गोष्ट घेऊन येतात आणि 'विल पॉवर' हा शब्द घेऊन येतात. शहाळ्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मावसभावाची गोष्ट साधारण एकाच साच्याची असते. डॉक्टरांनी हात टेकले होते. पण पठ्ठ्यानं मनाशी ठरवलं, मला काही झालेलंच नाही. आज बघा, दर रविवारी सिंहगड चढतो. गोष्ट संपली की सांगणारा माझ्या हाताकडे बघतो. उजव्या हाताची चारही बोटं करंगळीच्या अंगाला कलली आहेत, वाऱ्यानं ज्वारी कलावी तशी. तो बोलत काही नाही, पण हिशेब उघड असतो: मावसभावानं मनावर घेतलं, तुम्ही घेतलं नाही.

हा हिशेब मी चौदा वर्षं ऐकते आहे. मला आहे तो संधिवाताचाच एक प्रकार, दवाखान्यात त्याला 'आरए' म्हणतात. शरीराची स्वतःची फौज चुकून सांध्यांच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. आधी सूज, मग झीज, मग वाकडेपणा. (फौज हा शब्द मीही वापरलाच, सवय जात नाही.) सकाळी उठल्यावर तासभर हात आपला नसतो. दुधाची पिशवी दातांनी फोडायची, कंगवा मुठीत धरायचा, परकराची नाडी काढून तिथं इलॅस्टिक घालायचं. गॅसचं बटण फिरवायला चिमटीऐवजी तळहात लावायचा. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, पुढच्या युक्तिवादाला लागणार आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडू नये, असा आपल्याकडच्या वादाचा जुना दंडक आहे. तेव्हा तो नीट मांडते. मन आणि शरीर काही दोन वेगळी बिऱ्हाडं नाहीत. भीतीनं पोटात गोळा येतो, लाजेनं चेहरा लाल होतो, मग खंबीर मनाचा परिणाम हाडामांसावर का होऊ नये? खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, व्यायाम टाळतो, नीट जेवत नाही, हे तर डोळ्यांदेखत दिसतं. शिवाय बाबा आमट्यांसारखी माणसं आपल्यासमोर होऊन गेली. पाठीच्या कण्यानं असहकार पुकारला तरी ती थांबली नाहीत. आणि शेवटचा मुद्दा, जो सहसा कुणी तोंडावर बोलत नाही पण सगळ्यांत वजनदार आहे: सारखं दुखणं उगाळणाऱ्याकडे कोणी फिरकत नाही. हसतमुख राहाल तर माणसं टिकतील.

यातलं गोळ्या चुकवण्याचं मला बिनशर्त मान्य आहे. बाकीचं नाही.

आधी पुराव्याकडे बघू, कारण विल पॉवरवाले हल्ली 'सायन्सनं सिद्ध केलंय' असंही म्हणतात. त्यांच्या म्हणण्याला एक मूळ आहे, नाही असं नाही. 1979 साली 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या ग्रीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांच्या लहानशा गटात 'लढाऊ वृत्ती' असलेल्या बायका जास्त जगल्या, असं त्यात दिसलं. ते जगभर पोचलं. त्यानंतरचं मात्र आपल्या भेटायला येणाऱ्यांपर्यंत पोचलेलं नाही. 1999 साली त्याच नियतकालिकात मॅगी वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 578 बायकांचा पाच वर्षांचा पाठपुरावा छापला. लढाऊ वृत्तीचा जगण्या-मरण्यावर काही परिणाम दिसला नाही. 2002 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पेटिक्रू आणि इतरांनी तोवरचे असे सगळे अभ्यास एकत्र तपासले. आजाराला मनानं कसं तोंड दिलं यावर आयुष्याची लांबी ठरते, याला भरवशाचा आधार सापडला नाही. 2007 मध्ये कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोक्याच्या आणि मानेच्या कर्करोगाचे 1,093 रुग्ण पाहिले. तिथंही मनाचा उत्साह आणि आयुष्याची लांबी यांचा संबंध लागला नाही.

वॉटसन यांच्या अभ्यासात माझ्या बाजूला टोचणारा एक काटा आहे, तो लपवणं बरं नाही. ज्या बायकांमध्ये हतबलता आणि निराशा फार होती त्यांचं पुढं काहीसं वाईट झालं. म्हणजे मनाचा संबंध अजिबात नाही असं म्हणता येत नाही. पण यातून 'खंबीर राहा' हा उपदेश निघतो का? विहिरीत पडलेल्याला काठावरून 'बुडू नकोस' म्हणून सांगणं आणि दोर टाकणं यात फरक आहे, आणि विल पॉवर हा दोर नव्हे.

दुसरी गोष्ट इतिहासाची. ज्या रोगाचं कारण कळत नाही त्याचं खापर रोग्याच्या स्वभावावर फोडायची माणसाची रीत फार जुनी आहे. क्षयाला दबलेल्या वासना आणि हळवं मन जबाबदार धरलं जाई. 1882 साली कॉखनं जंतू दाखवला आणि हळव्या माणसांची सुटका झाली. पोटातला अल्सर चिंतेनं होतो असं तर माझ्या लहानपणीही डॉक्टर सांगत. पुढं ऑस्ट्रेलियातल्या मार्शल आणि वॉरन यांनी त्यामागचा जिवाणू शोधला आणि 2005 चं नोबेल घेतलं. सुझन सोंटॅग यांनी स्वतः कर्करोगातून जात असताना 1978 मध्ये 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' लिहिलं, ते याच खापराविरुद्ध. आरए नेमका कशानं सुरू होतो हे अजून पुरतं उकललेलं नाही. म्हणून मला 'तू फार विचार करतेस' हे ऐकावं लागतं. जंतू सापडेपर्यंत मी हळवी.

पण माझा खरा वाद पुराव्याचा नाहीच, शब्दांचा आहे. विल पॉवरच्या भाषेत आजाराला दोनच शेवट असतात: जिंकला किंवा हरला. आपल्या वैद्यकाला तिसरा शब्द माहीत होता आणि आपण तो हरवून बसलो. आयुर्वेदात रोग साध्य असतो, कष्टानं साध्य असतो, असाध्य असतो आणि 'याप्य' असतो. याप्य म्हणजे मुळापासून जात नाही, पण उपचार चालू आहेत तोवर माणसाला जगू देतो. उपचार सुटले की उसळतो. मधुमेह, दमा, माझा आरए, कितीतरी मनाचे आजार, भीतीच्या जुन्या जखमा, सगळी याप्याचीच प्रजा. 'बरं वाटतंय का आता?' या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच खरं उत्तर नसतं, कारण प्रश्न साध्य रोगाच्या भाषेतला आहे.

याप्य समजावताना सुश्रुतानं जी उपमा दिली ती वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. पडायला आलेल्या घराला योग्य जागी लावलेला टेकू जसा सावरून धरतो, तसा या रोग्याला उपचार सावरून धरतो, असा तिचा आशय. या चित्रात घराकडून कसलीही अपेक्षा नाही. भिंतीनं खंबीर राहावं, वाशांनी सकारात्मक विचार करावा, असं कुणी म्हणत नाही. प्रश्न फक्त एवढाच की टेकू कुणी लावला, कुठं लावला, बुंध्याशी वाळवी लागली आहे का ते अधूनमधून कोण बघतं.

यावर एखादा जाणकार चरकाचा दाखला देईल आणि तो बरोबर देईल. चरकानं चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. रोग्याच्या गुणांत 'अभीरुत्व' आहे, म्हणजे न घाबरणं. मग विल पॉवर आलीच की! आली, पण तिच्या शेजारी कोण बसलं आहे ते बघा. स्मरण, सांगितलेलं करणं आणि 'ज्ञापकत्व', म्हणजे आपल्याला काय होतंय ते सांगता येणं. न घाबरणं हे गप्प बसण्यासाठी नाही, सांगण्यासाठी आहे. आमच्याकडे नेमकं उलटं झालं. जो सांगत नाही तो धीराचा, जो सांगतो तो रडका.

बौद्धांच्या विनयपिटकात, महावग्गात, हेच आणखी उघड्या शब्दांत आहे. एक भिक्षू अतिसारानं आपल्याच घाणीत पडलेला असतो. बुद्ध आनंदला पाणी आणायला सांगतात; बुद्ध पाणी ओततात, आनंद अंग धुतो, दोघं मिळून त्याला उचलून मंचकावर ठेवतात. बाकीचे भिक्षू तुझी शुश्रूषा का करत नाहीत, असं विचारल्यावर तो सांगतो, मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून. (अडीच हजार वर्षांत हे उत्तर जुनं झालेलं नाही.) ही कथा आपण करुणेचा धडा म्हणून सांगतो आणि तिथंच थांबतो. पुढचा भाग रोकडा आहे. कोणत्या रोग्याची शुश्रूषा अवघड आणि कोणत्याची सोपी, याची तिथं यादी येते. चांगल्या रोग्याचं एक लक्षण असं की दुखणं वाढलं असेल तर वाढलं म्हणतो, उतरलं असेल तर उतरलं म्हणतो, आणि आहे तसंच असेल तर आहे तसंच म्हणतो. शुश्रूषा करणाऱ्याकडून अपेक्षा अशी की त्याला औषध तयार करता यावं, पथ्य-अपथ्य कळावं, मलमूत्राची किळस नसावी. जिव्हाळा यादीत आहे, पण तो औषधाच्या ज्ञानाला पर्याय म्हणून नाही. 'आहे तसंच आहे' म्हणायची मुभा, हीच मला चौदा वर्षांत घरच्यांकडून मिळाली नाही. दोष त्यांचा नाही. त्यांच्याकडे तेवढा शब्दच नव्हता.

राहिले बाबा. कण्याच्या आजारानं त्यांना बसता येत नसे, उभं राहायचं किंवा आडवं पडायचं. तरी 1985 मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो'साठी निघाले. इच्छाशक्तीचा याहून मोठा दाखला कुठला? मी म्हणते, चित्र पूर्ण बघा. वाहनात आडवं पडून त्यांनी तो प्रवास केला, बरोबर शंभरावर तरुण मुलं-मुली होती, आणि मागं सगळा जन्म पत्नी साधनाताई होत्या. टेकूंची एवढी मोठी रांग असताना आपल्याला दिसतो तो फक्त वासा. आणि त्यांच्या कुष्ठसेवेचा आरंभ ज्या प्रसंगातून झाला तोही धैर्याचा नाही. पावसात रस्त्याकडेला पडलेला, बोटं झडलेला कुष्ठरोगी पाहून ते घाबरून पळाले होते. हे त्यांनी स्वतः लोकांना सांगितलं, लपवलं नाही. सांगितलं म्हणून परत फिरता आलं, असं मला वाटतं. पण हा माझा तर्क.

आता दवाखान्यातल्या बाकावर येते.

एका सरकारी दवाखान्यात आमच्या ओपीडीचा दिवस असतो. केसपेपर काढायचा, नंबर लावायचा आणि बाकावर बसायचं. काही वर्षांपूर्वी शेजारी एक बाई बसल्या होत्या, औसा तालुक्यातल्या, पुण्याला लेकीकडे आलेल्या. माझ्या हाताकडे बघून विचारलं,

"ताई, तुमचा वार कोणता?"

मला वाटलं उपवासाचं विचारतायत. म्हटलं, मी वार-बीर करत नाही. त्या हसल्या. पिशवीतून रिकामी स्ट्रिप काढली. "ह्यो वार ओ. पिवळ्या गोळीचा."

मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच घ्यायची, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात, जिवावर बेततं. आमच्या आजारातल्या माणसाला दुसऱ्याचा वार विचारणं म्हणजे गाव विचारण्यासारखं. माझा रविवार, त्यांचा बुधवार. दुसऱ्या दिवशी मळमळतं का, आल्याचा तुकडा चघळता की लिंबू, फॉलिक अ‍ॅसिड कधी घेता, एवढं बोलणं झालं. दहा-बारा मिनिटं असतील. विल पॉवरचं नाव निघालं नाही. 'कसं वाटतंय' असंही कुणी विचारलं नाही. आणि मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं.

याला नुसता योगायोग म्हणू नये. बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरनं 1905 साली गरीब क्षयरोग्यांचे आठवड्याचे वर्ग सुरू केले. हेतू साधा होता: वजन, ताप, विश्रांती यांच्या नोंदी तपासायच्या, एकेकाला तेच तेच सांगण्यात वेळ घालवायचा नाही. पण रोगी एकमेकांना धरून ठेवू लागले, आणि पुढं गटोपचाराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी प्रॅटला आरंभी ठेवलं. 1935 मध्ये अ‍ॅक्रन शहरात दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस निघाली; तिचे मराठीत चालणारे गट आता आपल्याकडेही आहेत. फ्रँक रीसमन यांनी 1965 मध्ये यातलं एक सूत्र शब्दांत धरलं: मदत घेणाऱ्यापेक्षाही मदत करणाऱ्याला जास्त लाभ होतो. आपल्या नसीमा हुरजूक घ्या. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर गेलं. पुढं त्यांना बाबूकाका दिवाण भेटले, तसेच चाकाच्या खुर्चीतले, पण स्वतःचा धंदा चालवणारे, गाडी हाकणारे. काय बदललं? बाबूकाकांनी धीर दिला असेलही. पण त्यांच्यापाशी खुर्चीतून जगायची कला होती, ती धट्ट्याकट्ट्या कुठल्याही हितचिंतकाजवळ नव्हती. 1984 मध्ये नसीमादीदींनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. आजारी माणूस म्हणजे फक्त करुणा घेणारा, देणारे आपण, ही आपली समजूत इथं आडवी पडते.

औशाच्या बाई बाकावर नेहमी दाराच्या बाजूला बसत. तिसऱ्या-चौथ्या भेटीत कारण कळलं. किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, माणसं दमून झोपलेली. किल्लारीच्या पट्ट्यातली घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, म्हणून जुनी माणसं कौतुकानं बांधत. तेच छत अंगावर आलं. बाईंची सासू आणि धाकटा दीर गेले. लेकीच्या फ्लॅटमध्येही त्या दाराला पाय करून झोपत आणि दाराची कडी लावू देत नसत.

मी त्यांना 'बोलून मोकळ्या व्हा' म्हणाले नाही. सोसून गप्प बसा, या जुन्या उपदेशाची जागा आता या नव्या उपदेशानं घेतली आहे, आणि तो पहिल्याचाच धाकटा भाऊ आहे: त्यालाही प्रकरण एका बैठकीत मिटवायचं असतं. आघातानंतर लगेच माणसांना बसवून एकदाच सगळं बोलायला लावायचं, अशी पद्धत बराच काळ चालली. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 'कॉक्रेन'च्या 2002 च्या आढाव्यात त्याचा उपयोग दिसला नाही, उलट काहींना अपायच झाल्याची चिन्हं होती. बाईंचं वाक्य याहून नेमकं आहे. "येणारा दर माणूस वही काढायचा. किती गेले? मी सांगायची, दोन. लिवून घ्यायचा. मंग दुसरा यायचा." मोजून घेणं आणि ऐकणं यातला फरक त्यांना कुणी शिकवावा लागला नाही. ज्युडिथ हर्मन यांनी 'ट्रॉमा अँड रिकव्हरी'त 1992 साली म्हटलं आहे की आघातानं माणसामाणसांतले धागे तुटतात, म्हणून सावरणंही एकट्यानं होत नाही, नात्यांतच होतं. नात्यात सांगणं सलग नसतं. बुधवारच्या गोळीवरून निघालेलं बोलणं माळवदावर जातं, तिथून लेकीच्या सासूवर, परत गोळीवर.

एकदा मी मोठ्या उत्साहानं त्यांना सुश्रुताचा टेकू सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घर पडाया लागलं ना ताई, तवा टेकू बी पडतोय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. 1989 मध्ये स्पीगल यांनी 'लॅन्सेट'मध्ये 86 बायकांचा अभ्यास छापला. पसरलेला कर्करोग असलेल्या बायका आठवड्यातून एकदा एकत्र बसून बोलत, आणि त्या सरासरी दुप्पट जगल्या असं त्यात दिसलं. सोबतीच्या बाजूनं लिहिणाऱ्या माझ्यासारखीला याहून गोड आकडा कुठला? पण 2001 मध्ये कॅनडात गुडविन यांनी 235 बायकांवर तोच प्रयोग केला आणि आयुष्यात फरक पडला नाही: गटातल्या 17.9 महिने, गटाबाहेरच्या 17.6. विल पॉवरला लावलेली फूटपट्टी मला सोबतीलाही लावली पाहिजे, आणि ती लावली तर टेकूही पडतो. त्याच प्रयोगात एवढं मात्र दिसलं की गटातल्या बायकांना वेदना आणि मनाचा त्रास कमी झाला, आणि ज्या आधीच जास्त त्रासात होत्या त्यांना अधिक. सतरा महिने सतराच राहिले, त्यांतलं दुखणं थोडं उतरलं. पूर्वपक्षाला हे फार थोडं वाटेल. ज्याला सकाळी दुधाची पिशवी फोडायची असते त्याला तसं वाटणार नाही.

बाई आता गावी असतात. आमचा ठराव असा की दर रविवारी रात्री नऊला त्यांनी मला मिस्ड कॉल द्यायचा आणि बुधवारी मी त्यांना. एक रिंग म्हणजे 'गोळी घे'. उलट एक रिंग म्हणजे 'घेतली'. आता फोनला पैसे पडत नाहीत हे त्यांना नातवानं दहादा सांगितलंय, तरी त्या उचलत नाहीत.

मागच्या बुधवारी माझ्या रिंगला उलट रिंग आली नाही. साडेनऊला परत केली, पावणेदहाला परत. दहाला त्यांनी फोन उचलला.

"घेतली ओ. बोटं चालंना आज, बटण दबंना."

"वाढलंय का?"

"न्हाई. हाय तसंच हाय."

मग दोघी थोडा वेळ फोन धरून बसलो. तिकडे कुठलीशी मालिका चालू होती, ती ऐकू येत होती.